शनिवारची गोळी आणि सहा महिन्यांचं इंजेक्शन

आईचे तीन मणके खचले, ते औषध चालू असताना नाही. औषध बंद झाल्यावर खचले.

तिला ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याचा आजार आहे. त्यासाठी अडीच वर्षं तिला दर सहा महिन्यांनी डेनोसुमॅबचं इंजेक्शन मिळत होतं. पाच झाली होती. डेक्साचा, म्हणजे हाडांची घनता मोजणाऱ्या तपासणीचा, आकडा सुधारला होता. तपासणीच्या वेळी आम्हाला सांगण्यात आलं, "हाडं आता छान आहेत, सध्या इंजेक्शन नको." आम्ही खुशीत घरी आलो. शेवटच्या इंजेक्शननंतरचा अकरावा महिना चालू होता. एका सकाळी पलंगाच्या पायथ्याशी पडलेलं पांघरूण उचलायला ती वाकली आणि तिथेच खाली बसली. त्या दिवशी एक मणका गेला. पुढच्या पाच आठवड्यांत आणखी दोन. ती पडली नव्हती, कुठे आपटली नव्हती, जड काही उचललं नव्हतं.

मला स्वतःला हा आजार आहे हे त्याच्या तीन वर्षं आधी कळलं होतं. पाळी पंचेचाळिसाव्या वर्षीच गेली होती. अठ्ठावन्नाव्या वर्षी सपाट फरशीवर घसरून मनगट मोडलं आणि डेक्सामध्ये कमरेच्या मणक्यांचा टी-स्कोअर, म्हणजे तरुण निरोगी हाडांशी तुलना करून काढलेला घनतेचा आकडा, उणे २.८ आला. माझी मावशी संधिवातासाठी वर्षानुवर्षं प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड घेते, तिचे दोन मणके गेले होते. म्हणजे घरात तीन बायका आणि चार वेगवेगळी औषधं. मी डॉक्टर नाही, जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेली शिक्षिका आहे. पण या तिघींच्या औषधांची वही गेली आठ वर्षं माझ्याच हातात आहे आणि त्यातून जे कळलं ते इथे मांडते. तुमचं औषध कोणतं असावं हे तुमचे डॉक्टरच ठरवतील. ते ठरल्यावर घरी काय करायचं आणि डॉक्टरांना काय विचारायचं, एवढंच मी सांगू शकते.

एक गोष्ट मात्र सगळ्यांत आधी. औषध सुरू होईल त्याच दिवशी विचारा: हे किती वर्षं घ्यायचं, आणि थांबवल्यावर पुढे काय? हा प्रश्न आम्ही आईच्या वेळी विचारला नाही.

पहिली गोळी घेण्याआधी

टी-स्कोअर उणे २.५ किंवा त्याहून खाली असेल तर त्याला ऑस्टिओपोरोसिस म्हणतात. उणे १ आणि उणे २.५ च्या मध्ये असेल तर हाडांची घनता कमी झालेली असते, पण प्रत्येकाला औषध लागतंच असं नाही. अशा वेळी बरेच डॉक्टर 'फ्रॅक्स' नावाची आकडेमोड करतात. इंग्लंडमधल्या शेफील्ड विद्यापीठात तयार झालेलं हे साधन २००८ पासून वापरात आहे. वय, वजन, आधीचं फ्रॅक्चर, आईवडिलांपैकी कुणाचा खुबा मोडला होता का, धूम्रपान, स्टिरॉइड असं सगळं भरलं की पुढच्या दहा वर्षांत हाड मोडण्याची शक्यता किती टक्के ते कळतं. आणि एखाद्याचा खुबा किंवा मणका साध्या पडण्याने, वाकण्याने मोडला असेल, तर आकडा कितीही बरा दिसो, ती हाडं ठिसूळच समजायची.

औषधाआधी रक्त तपासून घ्यावं लागतं: कॅल्शियम, 'ड' जीवनसत्त्व, क्रिएटिनिन (यावरून मूत्रपिंडाचं काम कळतं), थायरॉइड आणि गरज वाटली तर पॅराथायरॉइड हार्मोन. ही तपासणी उगाच नसते. 'ड' जीवनसत्त्व फार कमी असताना झोलेड्रोनिक ॲसिड किंवा डेनोसुमॅब दिलं तर रक्तातलं कॅल्शियम एकदम खाली जाऊ शकतं. तोंडाभोवती आणि बोटांना मुंग्या येतात, पायात गोळे येतात, जास्तच घसरलं तर झटके येऊ शकतात. माझं 'ड' जीवनसत्त्व कमी निघालं म्हणून डॉक्टरांनी औषध दोन महिने पुढे ढकललं. तेव्हा मला घाई झाली होती. आज वाटतं, त्यांनी अगदी बरोबर केलं.

दुसरं म्हणजे दात. काढायचा असलेला दात, हिरडीची शस्त्रक्रिया, इम्प्लांट असं काही रखडलं असेल तर ते आधी उरकून जखम भरू द्या. कारण पुढे सांगते.

तिसरं, घरातल्या सगळ्या औषधांची यादी डॉक्टरांसमोर ठेवा. स्टिरॉइड, स्तनाच्या कर्करोगानंतर दिली जाणारी ॲरोमाटेज रोखणारी औषधं, फिट्सची फेनिटॉइनसारखी जुनी औषधं, वर्षानुवर्षं चाललेल्या ॲसिडिटीच्या गोळ्या, गरजेपेक्षा जास्त डोसाची थायरॉक्सिन ही थायरॉइडची गोळी, यांतली प्रत्येक गोष्ट हाडांवर परिणाम करते. मावशीचं स्टिरॉइड बंद करता येण्यासारखं नव्हतं, पण संधिवाताच्या डॉक्टरांनी ते बरंच कमी केलं. तेही हाडांचंच औषध झालं.

आत काय चालतं

हाड म्हणजे वाळकं लाकूड नव्हे. त्यात रोज एक टोळी जुनं हाड कुरतडत असते आणि तिच्या मागून दुसरी टोळी नवं भरत जाते. कुरतडणाऱ्या पेशी ऑस्टिओक्लास्ट, बांधणाऱ्या ऑस्टिओब्लास्ट. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन घटतं, कुरतडणारी टोळी मोकाट सुटते आणि बांधणारी मागे पडते. पुरुषांमध्ये हे सावकाश होतं, पण होतंच. खुबा मोडलेल्या पुरुषांना तर हाडांचं औषध द्यायचं बऱ्याचदा राहूनच जातं.

औषधांच्या तऱ्हाही दोनच. एक कुरतडणं थांबवते: ॲलेंड्रोनेट, रिसेड्रोनेट, आयबॅन्ड्रोनेट, झोलेड्रोनिक ॲसिड ही बिस्फॉस्फोनेट मंडळी, आणि वेगळ्या मार्गाने डेनोसुमॅब. दुसरी नवं हाड बांधायला लावते: टेरिपॅराटाइड, ॲबालोपॅराटाइड. रोमोसोझुमॅब काही प्रमाणात दोन्ही करतं. हा फरक लक्षात ठेवा. कुठल्या औषधानंतर काय घ्यायचं हे सगळं त्यावरच ठरतं.

आठवड्याची गोळी

ॲलेंड्रोनेट ७० मिलिग्रॅम, आठवड्यातून एकदा. रिसेड्रोनेट ३५ मिलिग्रॅम, तेही आठवड्यातून एकदा. आयबॅन्ड्रोनेट १५० मिलिग्रॅम महिन्यातून एकदा. मात्र खुब्याचं फ्रॅक्चर टळतं हे त्याच्याबाबत सिद्ध झालेलं नाही, म्हणून खुब्याची भीती असलेल्यांना बहुधा पहिल्या दोनपैकी एक दिलं जातं.

मी शनिवार निवडला, कारण त्या सकाळी मला कुठे जायची घाई नसते. ७० मिलिग्रॅमच्या गोळीतलं अर्धा मिलिग्रॅमसुद्धा रक्तात पोचत नाही, तेही पोट पूर्ण रिकामं असताना. कॉफी किंवा संत्र्याच्या रसाबरोबर घेतली तर त्या अर्ध्यातलंही निम्म्याहून जास्त वाया जातं. जेवणाबरोबर घेतली तर घेतली न घेतली सारखंच. मला हे कळलं तेव्हा मी पहिले चार महिने गोळी चहाबरोबर घेत होते. सोळा गोळ्या फुकट गेल्या.

आता शनिवारची सकाळ अशी असते. उठते, तोंड धुते. आदल्या रात्री भरून ठेवलेला साध्या पाण्याचा मोठा पेला घेते. मिनरल वॉटर चालत नाही, त्यात कॅल्शियम असू शकतं आणि ते गोळीला धरून बसतं. आधी एक घोट, घसा ओला होण्यापुरता. मग गोळी अख्खी गिळायची; चघळायची नाही, फोडायची नाही, तोंडात विरघळू द्यायची नाही. मग उरलेलं सगळं पाणी, म्हणजे एकंदर २०० मिलिलिटरच्या आसपास. आणि त्यानंतर अर्धा तास ताठ. उभं राहा, चाला, खुर्चीत सरळ बसा, पण आडवं व्हायचं नाही आणि वाकून काही करायचं नाही. आयबॅन्ड्रोनेट असेल तर अर्ध्या तासाऐवजी एक तास. या वेळात पाणी सोडून पोटात काही जाता कामा नये, दुसरी गोळीसुद्धा नाही. पहिला घास खाल्ल्याशिवाय झोपायचं नाही.

ताठ राहणं हा नियम शोषणासाठी नाही, अन्ननलिकेसाठी आहे. गोळी मध्येच अडकली किंवा पोटातून वर आली तर तिथे अक्षरशः व्रण पडतो. एका शनिवारी ताप होता म्हणून गोळी घेऊन मी पुन्हा अंथरुणात शिरले. दुसऱ्या दिवशी छातीच्या मधोमध असं दुखत होतं की पाणी गिळतानाही डोळ्यांत पाणी येई. गिळताना दुखलं, छातीत नव्याने जळजळ सुरू झाली, घास अडकल्यासारखा वाटला, तर पुढची गोळी घेऊ नका, आधी डॉक्टरांशी बोला. अंगात बरं नसेल तर गोळी एक-दोन दिवस पुढे ढकलली तरी बिघडत नाही.

वार चुकला तर? आठवण झाली त्याच्या दुसऱ्या सकाळी एक गोळी घ्यायची आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा आपल्या ठरलेल्या वारी. एका दिवशी दोन कधीच नाहीत.

ज्यांना अर्धा तास बसताच येत नाही, ज्यांची अन्ननलिका अरुंद आहे किंवा घास खाली सरकत नाही, ज्यांच्या रक्तात कॅल्शियम कमी आहे, त्यांना ही गोळी चालत नाही. मूत्रपिंडाची क्षमता, म्हणजे क्रिएटिनिन क्लिअरन्स, ३५ च्या खाली असेल तर ॲलेंड्रोनेट देत नाहीत. रिसेड्रोनेट आणि आयबॅन्ड्रोनेटसाठी ही मर्यादा ३० आहे.

थायरॉक्सिन घेणाऱ्यांची इथे पंचाईत होते, कारण दोन्ही गोळ्यांना सकाळचं रिकामं पोट हवं. आठवड्यातला तो एक दिवस कसा बसवायचा हे आधीच विचारून वहीत लिहून ठेवा. आणि कॅल्शियमची गोळी त्या सकाळी अजिबात नको, ती दुपारच्या जेवणानंतर.

वर्षातून एकदा सलाइन

अन्ननलिकेने तक्रार केल्यावर मला झोलेड्रोनिक ॲसिड सुरू केलं. ५ मिलिग्रॅम, शिरेतून, वर्षातून एकदा. निदान १५ मिनिटं तरी सावकाश जाऊ द्यायचं असतं. भराभर दिलं तर मूत्रपिंडाला त्रास होतो. मूत्रपिंडाच्या क्षमतेची मर्यादा इथेही ३५ चीच आहे, म्हणून दर वर्षी आधी क्रिएटिनिन आणि कॅल्शियम तपासायचं. त्या दिवशी पाणी कमी पडू देऊ नका. मी जाण्याआधी दोन पेले पिऊन जाते.

पहिल्या वेळी संध्याकाळपर्यंत ठीक होते. रात्री थंडी वाजून ताप भरला, पाठ, मांड्या, अगदी पापण्यासुद्धा दुखायला लागल्या. पहिल्या सलाइननंतर साधारण तिघांत एकाला असं होतं, बहुधा तीन दिवसांत ओसरतं. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं म्हणून मी घाबरले नाही. पॅरासिटॅमॉल घेतलं आणि पडून राहिले. दुसऱ्या वर्षी फक्त अंग कसकसलं, तिसऱ्या वर्षी काहीच नाही. हे आधी सांगितलं नाही तर माणूस पहिल्याच रात्री ठरवतो की हे औषध आपल्याला सोसत नाही, आणि पुन्हा त्या दिशेला फिरकत नाही. म्हणून सलाइनच्या दुसऱ्या दिवसासाठी कुठलंही काम ठरवू नका. डोळा लाल झाला, दुखायला लागला किंवा अंधूक दिसायला लागलं तर मात्र थांबू नका, दाखवून घ्या.

बिस्फॉस्फोनेटची एक गोष्ट मला फार मोलाची वाटते: ही औषधं हाडात मुरतात. बंद केली तरी परिणाम लगेच जात नाही. म्हणूनच गोळी पाच वर्षं किंवा सलाइन तीन वर्षं झाल्यावर, धोका फार नसेल तर, औषधाला सुट्टी देता येते. ज्यांचा खुबा किंवा मणका मोडलेला आहे, ज्यांचा आकडा अजून खालीच आहे, त्यांच्यासाठी डॉक्टर गोळी दहा वर्षांपर्यंत आणि सलाइन सहा वर्षांपर्यंत नेतात. सुट्टी म्हणजे कायमची रजा नव्हे. मी तीन सलाइनींनंतर सुट्टीवर आहे, पण डेक्साची तारीख ठरलेली आहे आणि आकडा घसरला तर पुन्हा सुरू करायचं हेही ठरलेलं आहे.

डेनोसुमॅब: इथे तारीख म्हणजे तारीख

६० मिलिग्रॅम, दर सहा महिन्यांनी, कातडीखाली. टोचायला क्षणभर लागतो, पोटाला त्रास नाही, मूत्रपिंडातून बाहेर जात नाही. आकडाही छान सुधारतो. आईसाठी ते निवडलं त्यात काही चूक नव्हती. तिला छातीत जळजळ व्हायची आणि क्रिएटिनिन काठावर होतं.

पण हे हाडात मुरत नाही. ते कुरतडणाऱ्या पेशी तयार होण्याचा संदेशच अडवून धरतं. सहा महिन्यांनी त्याचा जोर संपला की धरण फुटल्यासारख्या त्या पेशी एकदम मोठ्या संख्येने कामाला लागतात, औषधाआधी होत्या त्यापेक्षाही जोराने. कमावलेलं हाड वर्ष-दोन वर्षांत निघून जातं आणि काहींचे मणके एकामागून एक खचतात. आईचं हेच झालं. जितकी जास्त इंजेक्शनं झालेली, तितका हा उलटा मार जास्त.

म्हणून हे नियम माझ्या वहीत लाल शाईने लिहिले आहेत.

इंजेक्शन झालं की उठण्याआधी पुढची तारीख पक्की करायची. मी तीन ठिकाणी लिहिते: वहीत, फोनमध्ये आणि भावाच्या फोनमध्ये. शेवटच्या इंजेक्शनपासून सात महिन्यांच्या पुढे कधीही जाऊ द्यायचं नाही. आजारपण येवो, प्रवास येवो, लग्नकार्य येवो, तारीख चुकणार असं दिसलं की आधी फोन करायचा.

बंद करायचं असेल तर त्याच्या जागी दुसरं औषध आणायचंच, बहुधा झोलेड्रोनिक ॲसिड किंवा ॲलेंड्रोनेट. ते साधारण पुढचं इंजेक्शन ज्या सुमारास घ्यायचं होतं तेव्हा सुरू होतं. त्यानंतरही काही महिने लक्ष ठेवावं लागतं. कुरतडण्याचा वेग दाखवणारी 'सीटीएक्स' नावाची रक्ततपासणी असते, ती यासाठी उपयोगी पडते. "आता काही नको" हे उत्तर या औषधाच्या बाबतीत चालत नाही. तसं कुणी म्हणालं तर नम्रपणे पण ठामपणे विचारा, "मग त्याच्या जागी काय?" नीट उत्तर मिळालं नाही तर दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा.

आणि डेनोसुमॅबवरून थेट टेरिपॅराटाइडवर उडी मारली तर काही काळ खुब्याचं हाड उलट घटतं. "आधीचं जमत नाही तर जास्त जोरदार दुसरं घेऊ" हा विचार आपल्याला बरोबर वाटतो, पण इथे औषधांच्या क्रमालाही महत्त्व आहे. आईचे मणके खचल्यावर आमच्या नव्या डॉक्टरांनी याच कारणासाठी डेनोसुमॅब पुन्हा सुरू केलं आणि पुढे झोलेड्रोनिक ॲसिडवर कसं उतरायचं हे त्याच दिवशी कागदावर लिहून दिलं.

मूत्रपिंडं फार निकामी झालेल्यांना, विशेषतः डायलिसिसवर असलेल्यांना, या इंजेक्शनने कॅल्शियम धोकादायक इतकं खाली जाऊ शकतं. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने जानेवारी २०२४ मध्ये त्याबद्दल आपला सगळ्यात कडक इशारा दिला. म्हणजे "मूत्रपिंडाला चालतं" हे अर्धंच खरं.

इंजेक्शन घरी आणून ठेवणार असाल तर फ्रीजमध्ये, २ ते ८ अंशांत, पण गोठू देऊ नका. बाहेर काढल्यावर १४ दिवसांच्या आत वापरायचं.

हाड बांधणारी औषधं

मावशीला टेरिपॅराटाइड दिलं. रोज २० मायक्रोग्रॅम, मांडीत किंवा पोटावर, स्वतः टोचून घ्यायचं. "मी आणि सुई? शक्यच नाही," म्हणाली. तिचे संधिवाताने वाकडे झालेले अंगठे बघून मलाही तेच वाटलं होतं. पण पेनची सुई केसासारखी बारीक असते आणि आठवड्याभरात तिने ते शिकून घेतलं. टोपण काढायला तेवढी ती मला हाक मारायची.

पहिले काही डोस पलंगाच्या कडेवर बसून घ्या. काहींना टोचल्यावर चक्कर येते, छातीत धडधडतं. तसं झालं तर तिथेच आडवं व्हायचं. पोटऱ्यांत गोळेही येतात. पेन फ्रीजमध्ये ठेवायचं, सुई लावलेली ठेवून द्यायचं नाही, दर वेळी नवी सुई. पहिल्यांदा वापरल्यापासून २८ दिवसांनी पेन टाकून द्यायचं, आत औषध उरलं असलं तरी. मी पेनवर पट्टी चिकटवून तारीख लिहायचे.

ज्यांना हाडांवर रेडिएशन दिलेलं आहे, पॅजेटचा (हाडांची घडण बिघडवणारा) आजार किंवा हाडाचा कर्करोग आहे, रक्तात कॅल्शियम आधीच जास्त आहे, त्यांना हे देत नाहीत. एके काळी यावर हाडाच्या कर्करोगाचा ठळक इशारा असायचा, उंदरांवरच्या प्रयोगांमुळे. माणसांत तसं आढळलं नाही म्हणून तो इशारा २०२० मध्ये अमेरिकेत काढून टाकला. मावशीच्या शेजारणीने तिला तीच भीती घातली होती, म्हणून मुद्दाम सांगते.

कोर्स साधारण दोन वर्षांचा. आणि तो संपला की लगेच कुरतडणं थांबवणारं औषध सुरू करायचं, नाहीतर बांधलेलं सगळं विरून जातं. मावशीचं शेवटचं पेन संपलं त्याच आठवड्यात तिचं सलाइन झालं.

रोमोसोझुमॅब २०१९ मध्ये आलं. महिन्यातून एकदा, एका वेळी दोन इंजेक्शनं, बारा महिने; नंतर त्यालाही दुसऱ्या औषधाची जोड लागतेच. गेल्या वर्षभरात हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात झाला असेल तर ते घ्यायचं नाही. याचा अनुभव आमच्या घरात नाही.

रॅलोक्सिफेन ६० मिलिग्रॅमची रोजची गोळी आहे. मणक्यांना उपयोगी, खुब्याचा फायदा सिद्ध नाही. स्तनाच्या कर्करोगाचा धोका ती कमी करते, पण पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा वाढवते. मोठी शस्त्रक्रिया किंवा बरेच दिवस अंथरुणात पडून राहणं ठरलेलं असेल तर तीन दिवस आधी ती थांबवायची असते. पाळी नुकतीच गेलेल्या, गरम वाफांनी हैराण झालेल्या बाईला हार्मोनची गोळी हाडांसाठीही उपयोगी पडते. ती चर्चा स्त्रीरोगतज्ज्ञांशी करावी.

कॅल्शियम आणि 'ड'

ही औषधांची जागा घेत नाहीत, पण यांच्याशिवाय औषधांना काम करता येत नाही. आहार धरून दिवसाला एकंदर १००० ते १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम पुरतं. आहारातून जेवढं कमी पडतं तेवढंच गोळीतून घ्या. एका वेळी ५०० च्या आसपासच, त्याहून जास्त शरीराला नीट शोषता येत नाही. कार्बोनेट असेल तर जेवणाबरोबर, सायट्रेट केव्हाही. थायरॉक्सिन आणि कॅल्शियममध्ये चार तासांचं अंतर ठेवा.

जबडा आणि मांडी

"त्या औषधाने जबडा सडतो म्हणे." हे ऐकून औषध सोडणारी तीन माणसं मला माहीत आहेत. त्यातल्या एकीचा पुढे खुबा मोडला.

असं होतं, हे खरं आहे. दात काढल्यावर जबड्याचं हाड उघडं राहतं आणि आठ-आठ आठवडे भरत नाही. पण हे मुख्यतः कर्करोगात, याच औषधांचे कितीतरी मोठे आणि वारंवार डोस घेणाऱ्यांमध्ये दिसतं. ऑस्टिओपोरोसिसच्या डोसांवर वर्षाला दहा हजारांत एक किंवा त्याहूनही कमी. दातांची कामं आधी उरकायची ती यासाठी. नंतर गरज पडलीच तर दंतवैद्यांना औषधाचं नाव आणि शेवटच्या डोसाची तारीख सांगा, पण डेनोसुमॅब त्यासाठी स्वतःच्या मनाने पुढे ढकलू नका.

दुसरी गोष्ट मांडीच्या हाडाची. बरीच वर्षं कुरतडणं थांबवलं की क्वचित कुणाच्या मांडीच्या हाडात आडवी बारीक चीर पडते. ती मोडण्याआधी बहुधा काही आठवडे, महिने सूचना देते: मांडीत किंवा जांघेत खोल, बोथट ठणका, चालताना वाढणारा. असं झालं तर वयाला दोष देऊन अंगावर काढू नका. दोन्ही मांड्यांचा एक्स-रे काढायला सांगा, दोन्ही, कारण चीर दुसऱ्या बाजूलाही असू शकते.

गुण येतोय हे कसं कळतं

कळतच नाही, हीच अडचण आहे. गोळी घेतली म्हणून बरं वाटत नाही, सोडली म्हणून वाईट वाटत नाही, म्हणून कितीतरी जण वर्षाच्या आत सोडून देतात. डेक्सा एक-दोन वर्षांनी, शक्यतो त्याच मशीनवर, कारण दोन मशीनचे आकडे एकमेकांशी ताडून बघता येत नाहीत. आकडा वाढला नाही, आहे तिथेच राहिला, तरी औषधाने काम केलं असं समजायचं.

आमच्या दाराच्या चौकटीवर आता पेन्सिलीच्या खुणा आहेत, लहान मुलांची उंची मोजतात तशा. दर सहा महिन्यांनी आई अनवाणी, टाचा चौकटीला टेकवून उभी राहते. आधीच्या मोजणीपेक्षा दोन सेंटिमीटर किंवा तरुणपणीच्या उंचीपेक्षा चार सेंटिमीटर कमी भरली तर मणक्यांचा एक्स-रे काढायचा, दुखत नसलं तरी. कारण बरेच मणके गुपचूप खचतात. आईच्या पहिल्या आणि दुसऱ्या खुणेत पाच सेंटिमीटरचं अंतर आहे. त्यानंतरच्या चार खुणा एकमेकींवर आल्या आहेत, पेन्सिलीची रेघ तेवढी जाड झाली आहे.

तुमच्या घरात कुणाला डेनोसुमॅब चालू असेल तर आत्ता उठून शेवटच्या इंजेक्शनची तारीख बघा. पाच महिने उलटून गेले असतील तर आजच फोन करून वेळ ठरवा. सात उलटले असतील तर उद्यावर टाकू नका. आईचं पुढचं इंजेक्शन १२ तारखेला आहे, कॅल्शियमची तपासणी त्याच्या आदल्या आठवड्यात.